‘नुसते मुरगळले आहे’ म्हणण्यापूर्वी : मनगटाच्या हाडांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. शेवाळलेले अंगण, ओली फरशी, चिखलात घसरलेली दुचाकी आणि त्यानंतर सुजलेले मनगट, अशी पत्रे एकामागून एक येऊ लागतात. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे लिहिणाऱ्यांची गावे आणि वये वेगवेगळी असली, तरी बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखे आढळले : “आधी वाटले, नुसते मुरगळले आहे.” मुरगळणे हे पहिल्या दिवशी घरच्या घरी करण्याचे निदान नाही; हाड मोडलेले नाही याची खात्री झाल्यावर उरणारा तो निष्कर्ष आहे. पडताना आपण सगळेच हात पुढे टेकतो, परंतु तोच आघात आठ वर्षांच्या मुलाचे हाड वाकवतो, पंचविशीतल्या तरुणाचे मनगटाच्या आतले एक लहान हाड तोडतो आणि साठीच्या बाईचे मनगटाच्या वरचे मोठे हाड मोडतो. म्हणून प्रत्येक पत्राचे उत्तर वेगळे द्यावे लागत आहे.

प्रश्न : माझे वय 58 आहे. अंगणात पाय घसरून उजव्या हातावर पडले. डॉक्टरांनी हाड ओढून बसवले आणि प्लास्टर घातले. आठ दिवसांनी पुन्हा फोटो काढला, तेव्हा हाड सरकल्याचे सांगून त्यांनी ऑपरेशन सुचवले. पहिल्यांदाच नीट बसवले नव्हते का? घरचे लोक हाडवैद्याकडे नेण्याविषयी बोलत आहेत. – एक वाचक भगिनी, कराड

पहिल्या वेळी चूकच झाली असली पाहिजे, असा ग्रह करून घेऊ नका. आपण जे वर्णन केले आहे, ते अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस या हाडाच्या मनगटाकडील टोकाचे फ्रॅक्चर दिसते, आणि ते बसवल्यानंतरही सरकू शकते हे या दुखापतीचे जुने वैशिष्ट्य आहे. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला आजही कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. म्हणजे कॉलिस यांनी हे सारे केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून ओळखले. त्यांच्या काळातही अनेक वैद्य हीच दुखापत मनगट मुरगळले किंवा सांधा निखळला असे समजून सोडून देत असत. हाडाचे तुटलेले टोक हाताच्या मागच्या बाजूस सरकते आणि बाजूने पाहिले असता मनगट जेवणाच्या पाश्चात्त्य काट्यासारखे बाकदार दिसते.

हाड सरकते त्याचे कारण समजून घ्या. रेडियसचे हे टोक आतून जाळीदार असते. उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रीमध्ये ती जाळी विरळ झालेली असते आणि पडल्यावर मागच्या बाजूची जाळी चेपली जाते. डॉक्टर हाड ओढून सरळ करतात, तेव्हा चेपलेल्या भागाच्या जागी पोकळी राहते, आणि सूज उतरून प्लास्टर सैल झाले की हाड त्या पोकळीकडे पुन्हा कलते. म्हणूनच पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला फोटो काढावा लागतो. आपल्या डॉक्टरांनी आठव्या दिवशी तो काढला, हे योग्यच झाले. पुष्कळ रुग्ण एकदा पक्के प्लास्टर झाले की सहा आठवड्यांनीच दवाखान्यात येतात, आणि तोपर्यंत हाड वाकडे जुळून गेलेले असते.

ऑपरेशन हवेच का, याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते : हाडाची लांबी किती कमी झाली आहे, सांध्याचा पृष्ठभाग मागे किती कलला आहे आणि चीर सांध्यात गेली असल्यास तेथे पायरी पडली आहे का. लांबी 3 मिलिमीटरपेक्षा अधिक कमी होणे, मागच्या बाजूचा कल 10 अंशांपेक्षा अधिक असणे किंवा सांध्यात 2 मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी असणे, यांपैकी काही असेल तर पासष्टीच्या आतल्या, हाताने काम करणाऱ्या व्यक्तीला सामान्यतः ऑपरेशनचा सल्ला दिला जातो. पासष्टीनंतर चित्र बदलते. त्या वयात फोटोत हाड थोडे वाकडे दिसले तरी वर्षभरानंतर हाताचे काम ऑपरेशन केलेल्यांच्या बरोबरीने चालते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. स्वतः कॉलिस यांनीही लिहून ठेवले होते की व्यंग जन्मभर राहील, पण हालचाल कालांतराने परत येईल आणि दुखणे जाईल. आपण 58 वर्षांच्या आहात, हात उजवा आहे, आणि भाकरी थापण्यापासून बादली उचलण्यापर्यंतची कामे त्याच हाताने करत असाल, तर वरील मापांनुसार हाड सरकले असल्यास मी ऑपरेशनच्या बाजूने कौल देईन. मात्र निर्णय पुढच्या काही दिवसांतच घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत हाड हलवून बसवता येते. नंतर ते जुळू लागते आणि तेच काम अवघड होते. तारा घालायच्या की प्लेट बसवायची, हे तुकडे किती आणि कसे आहेत त्यावर ठरेल. तारा चार ते सहा आठवड्यांत काढतात. प्लेट त्रास देत नसेल तर आतच राहू देतात.

हाडवैद्याविषयी स्पष्ट लिहितो. त्यांच्यातील काहींच्या हाताला चांगला अनुभव असतो, हे मी नाकारत नाही. परंतु ताज्या फ्रॅक्चरवर कामट्या घट्ट बांधून वर लेप देण्याची जी पद्धत आहे, ती धोक्याची आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढतच असते, आणि आत वाढणाऱ्या सुजेला बाहेरच्या घट्ट बांधणीमुळे जागा मिळाली नाही, तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून हात कायमचा आखडतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी 1881 मध्ये हे वर्णिले, आणि दुर्दैवाने असे हात मला माझ्या कारकिर्दीतही पाहावे लागले आहेत. याच कारणामुळे आम्हीसुद्धा पहिल्या दिवशी सभोवार बंद असलेले पक्के प्लास्टर टाळून बहुधा एका बाजूने मोकळे असे कच्चे प्लास्टर घालतो. प्लास्टर कोणीही घातलेले असो, हात उंच ठेवूनही दुखणे वाढतच गेले, बोटे निळी किंवा पांढरीफटक पडली, त्यांना बधिरपणा आला, किंवा दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी कळ असह्य झाली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट सर्व भगिनींना सांगायची आहे. हात दुखावल्या क्षणी, सूज चढण्यापूर्वी, बांगड्या, पाटल्या आणि अंगठ्या काढून टाका. काचेच्या बांगड्या फोडणे अशुभ वाटते, सोन्याची पाटली कापून घेणे जिवावर येते, आणि त्या संकोचात तासभर जातो. तेवढ्या वेळात बोट सुजून अंगठी रुतते.

प्रश्न : माझा मुलगा 23 वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडला. तेव्हा फोटो काढला होता, तो नॉर्मल आला. मुका मार आहे असे सांगून पट्टी बांधून दिली. आजही अंगठ्याच्या बाजूला दुखते आणि व्यायामशाळेत जोर काढताना हात टेकवत नाही. आणखी किती दिवस वाट पाहावी? – एक आई, नाशिक

वाट पाहू नये. या महिन्यातील सर्व पत्रांत मला सर्वाधिक काळजी याच पत्राची वाटली.

मनगटात चार-चारच्या दोन ओळींत आठ लहान हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे, नावेच्या आकाराचे हाड म्हणजे स्कॅफॉइड. ग्रीक भाषेतील नावेच्या शब्दावरूनच हे नाव पडले आहे. या आठांमध्ये सर्वाधिक मोडणारे हाड हेच, आणि ते मोडते मुख्यतः तरुणांचे : दुचाकीवरून फेकले जाताना, कबड्डीत पकड सोडवताना, झेल घेताना तळहातावर आपटून. ही दुखापत फसवी आहे. सूज थोडी असते, हात वाकडा दिसत नाही, बोटे हलतात, आणि हाड सरकलेले नसेल तर पहिल्या दिवशीच्या फोटोत चीर दिसतेच असे नाही. त्यामुळे ‘फोटो नॉर्मल’ याचा अर्थ ‘हाड नॉर्मल’ असा घेता येत नाही. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये एक त्रिकोणी खळगा दिसतो. युरोपात पूर्वी या खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून ती ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचे नाव मिळाले. पडल्यानंतर या खळग्यात दाबून दुखत असेल, तर फोटो काहीही सांगो, स्कॅफॉइड मोडले आहे असे धरूनच मनगट स्थिर ठेवायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, किंवा सोय असल्यास लगेच एमआरआय करायचा, हा नियम आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत हा दुसरा फोटो राहून गेला.

हे हाड एवढे हट्टी का, तर त्याचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने येतो. बहुतेक रक्तवाहिन्या त्यात बोटांकडच्या टोकातून आणि मध्याजवळून शिरतात आणि मागे वळून कोपराकडच्या टोकाला पोहोचतात. गावाला एकाच पाटातून पाणी येत असावे आणि तो पाट मध्येच फुटावा, म्हणजे टोकाच्या शेतांचे जे होते, तेच हे हाड कमरेत, म्हणजे त्याच्या मधल्या निमुळत्या भागात, मोडल्यावर मागच्या तुकड्याचे होते. तो तुकडा उपाशी राहतो, हाड जुळण्यास विलंब लागतो आणि कधी तो मृतही होतो. जुळले नाही, तर मनगटाच्या हाडांची परस्परांशी असलेली मांडणी हळूहळू बिघडते आणि काही वर्षांत ऐन तारुण्यात सांधा झिजू लागतो. माझ्याकडे असा एक कबड्डीपटू पडल्यानंतर चार वर्षांनी आला होता. सुरुवातीला काही आठवड्यांच्या प्लास्टरने जे बहुधा भागले असते, त्यासाठी त्याला कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवावा लागला, आणि तरीही मनगट पूर्वीसारखे वाकले नाही.

आता आपण काय करावे? या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना, शक्य असल्यास हाताच्या शस्त्रक्रियांचा विशेष अनुभव असलेल्यांना, दाखवा. साधा मनगटाचा फोटो पुरेसा नाही. हात करंगळीकडे झुकवून स्कॅफॉइडसाठी खास काढलेले फोटो घ्यावे लागतात. चीर जुळली आहे की नाही हे सीटी स्कॅनमध्ये अधिक नीट कळते आणि मागचा तुकडा जिवंत आहे का याचा अंदाज एमआरआयमधून येतो. चीर न जुळलेली निघाली तर स्क्रू आणि बहुधा सोबत हाडाचे रोपण, हा मार्ग आहे. मागचा तुकडा जिवंत असेल आणि सांधा झिजलेला नसेल, तर यश मिळण्याची शक्यता चांगली असते. तो सिगारेट किंवा तंबाखू घेत असेल तर ते आजच थांबवायला सांगा. हाड जुळण्याच्या कामात तंबाखू आडवी येते, आणि स्कॅफॉइडमध्ये हे विशेष जाणवते.

ज्यांचे निदान वेळेत झाले आहे, त्यांनी मात्र घाबरून लगेच ऑपरेशनकडे वळू नये. ब्रिटनमध्ये 439 प्रौढ रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. कमरेत मोडलेले स्कॅफॉइड 2 मिलिमीटरपर्यंतच सरकलेले असेल, तर आधी प्लास्टर आणि न जुळल्यास त्वरित स्क्रू, या क्रमाने वर्षअखेरीस मिळालेला परिणाम सुरुवातीलाच ऑपरेशन केलेल्यांच्या तोडीचा होता. अट एकच : प्लास्टर आठ ते बारा आठवडे टिकवायचे, आणि ते काढल्यावर हाड जुळल्याची खात्री करून घ्यायची.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीच्या मनगटाच्या वर हाडाला ‘बाक’ आला आहे, तुटलेले नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्यांनी फक्त काढता-घालता येणारा पट्टा दिला. प्लास्टर न घालणे योग्य आहे का? – एक पालक, पुणे

योग्य आहे. मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे लवचीक असते, त्यामुळे ते पूर्ण तुटण्याऐवजी कधी एका बाजूने चेपून फुगते. हा प्रकार स्थिर असतो, तो सरकत नाही आणि सुमारे तीन आठवड्यांत भरून येतो. ब्रिटनमध्येच 965 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा फ्रॅक्चरला साधी पट्टी बांधलेली मुले आणि कडक आधार दिलेली मुले सारखीच बरी झाली. मात्र हे केवळ या प्रकारापुरते खरे आहे. हाडाच्या वाढपट्टीला इजा असेल तर गोष्ट वेगळी असते, कारण रेडियसच्या लांबीची सुमारे तीन चतुर्थांश वाढ मनगटाजवळच्या याच पट्टीतून होते. आपल्या डॉक्टरांना तेवढे विचारून घ्या आणि निश्चिंत राहा.

प्रश्न : सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. मनगटाचे हाड फारसे सरकलेले नव्हते, म्हणून सहा आठवडे प्लास्टर होते. ते कालच काढले. हात काठीसारखा कडक झाला आहे. गावात तेलाने जोरात मालिश करून देणारे एक जण आहेत. त्यांच्याकडे न्यावे का? दोन दिवसांपासून त्यांना अंगठ्याचे टोक वर उचलता येत नाही, पण दुखत नसल्यामुळे त्याकडे लक्ष दिलेले नाही. – एक वाचक, रत्नागिरी

आपण पत्राच्या शेवटी जे सहज लिहिले आहे, त्यापासून सुरुवात करतो. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलायला सांगा. तो उचलला जात नसेल, तर अंगठा वर ओढणारी दोरी, म्हणजे त्या स्नायूचा कंडरा, तुटला असण्याची शक्यता आहे. ही गोष्ट सरकलेल्या हाडापेक्षा न सरकलेल्या हाडात अधिक घडते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. हा कंडरा मनगटाच्या मागे एका अरुंद खोबणीतून जातो. तेथे रक्त साकळून दाब वाढतो, कंडऱ्याचे पोषण कमी होते आणि काही आठवड्यांनी तो दुखल्याशिवाय तुटतो. यात कोणाची हयगय झालेली नसते. तर्जनीला उचलणारे दोन कंडरे असतात, त्यांतील एक अंगठ्याला जोडून देण्याची शस्त्रक्रिया सोपी आणि भरवशाची आहे. सासूबाईंना याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आता कडकपणाविषयी. जोरात मालिश करू नये. सहा आठवडे न हललेला सांधा दुसऱ्याच्या जोराने वाकवला की आतील ऊती फाटतात, पुन्हा सूज येते आणि हात अधिक आखडतो. सांधा मोकळा होतो तो स्वतःच्या स्नायूंनी केलेल्या हालचालीने. कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून ठेवावा आणि पाण्यातच मनगट वर-खाली करावे. मूठ पूर्ण मिटावी, पूर्ण उघडावी. प्रत्येक बोटाचे टोक अंगठ्याला लावावे. आणि कोपर कमरेशी चिकटवून तळहात उताणा-पालथा करावा. ही शेवटची हालचाल सर्वांत उशिरा परत येते आणि तिचीच आबाळ होते. देवळात तीर्थ घेण्यासाठी तळहात उताणा करून ओंजळ धरता येऊ लागली, की ती परत आली असे समजावे. एका वेळी अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून सहा-सात वेळा पाच-पाच मिनिटे केलेले अधिक उपयोगी पडते. खांदाही तपासून पाहा; झोळीत हात अडकवून ठेवल्यामुळे वयस्क माणसांचा खांदा आखडलेला पुष्कळदा आढळतो. कणीक मळणे, ओले कपडे पिळणे यांसाठी डॉक्टरांची परवानगी येईपर्यंत थांबा. पकडीतील जोर तीन ते सहा महिन्यांत बराचसा येतो आणि पुढेही वर्षभर वाढत राहतो.

हाताची आग होणे, कातडी चकचकीत होणे, घाम येणे आणि साध्या स्पर्शानेही कळ येणे, असे काही दिसले तर तो निव्वळ कडकपणा नसतो. त्यावर लवकर उपचार सुरू झाले तर फरक पडतो. उशीर झाला तर ते दुखणे चिवट होते.

प्रश्न : आईचे वय 64. गेल्या वर्षी घरातल्या घरात, पाटावरून उठताना तोल जाऊन मनगट मोडले. आता हात पूर्ण बरा आहे. आणखी काही करायला हवे का? – एक मुलगी, सोलापूर

हवे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण तो फार थोडे लोक विचारतात. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडलेले हाड हे ठिसूळ हाडांचे लक्षण मानले जाते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, आणि ती झाल्याची पहिली वर्दी पुष्कळदा मनगट देते. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर पुढची पाळी मणक्याची किंवा खुब्याची असू शकते, आणि खुबा मोडल्यावर माणूस अंथरुणाला खिळण्याची भीती असते.

आईंची कंबर आणि खुबा यांची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करून घ्या. तीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता दाखवणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर त्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. परंतु हाड एकदा असे मोडलेले असेल, तर आकडा थोडा बरा असला तरी डॉक्टर उपचारांचा विचार करतात. सोबत ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी व्हावी. आहारातून दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. पेलाभर दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम मिळते, आणि 100 ग्रॅम नाचणीत त्याहून थोडे अधिक असते. आई मिश्री लावत असतील तर ती सोडवा. तीही तंबाखूच आहे.

मात्र हाड एकदा ठिसूळ होऊन मोडले असेल, तर केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागत नाही. हाडाची झीज थांबवणारी औषधे वेगळी असतात. त्यांतील आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, अन्यथा ती अन्ननलिकेला जाळते. गोळी सुरू करण्यापूर्वी दात काढण्याचे काम राहिले असेल तर ते उरकून घ्या. पथ्य पाळणे जमत नसेल, तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे इंजेक्शनही मिळते.

पुन्हा पडेल या भीतीने आईंना घरात बसवून ठेवू नका. चालणे बंद झाले की पायांतील जोर जातो आणि तोल आणखी बिघडतो. पाटाऐवजी बसायला खुर्ची द्या, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या, रात्री तिकडे जाण्याच्या वाटेवर दिवा राहू द्या, आणि वर्षभरात डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.